शाळेच्या जुन्या तसबिरींतील चेहरे

जुन्या पांढरपेशा घरांत ओटीवर किंवा दिवाणखान्यांत, राजा रविवर्म्याच्या शिळाछापांच्या शेजारीं, एक काळसर लांकडी चौकट हमखास टांगलेली असे. तींत तीन-चार ओळींत मांडलेले चाळीस-पन्नास मुलगे, मधोमध खुर्च्यांवर मास्तर, पुढें सतरंजीवर मांडी घालून बसलेलीं लहान मुलें, आणि त्यांच्याहि पुढें एक पाटी. तीवर खडूनें लिहिलेली इयत्ता आणि साल. खालीं बारीक अक्षरांत नांवें : 'उभे, डावीकडून', 'खुर्चीवर', 'जमिनीवर'. घरांत आलेल्या नव्या सुनेला किंवा पाहुण्याला ती तसबीर दाखवितांना एकच प्रश्न विचारला जाई : "यांतले आमचे कोणते, ओळखा पाहूं!" पुष्कळदां तें ओळखतां येत नसे. मात्र एकदां कोणी कांचेवर बोट ठेवून दाखविलें, कीं तो चेहरा इतका स्पष्ट दिसूं लागे कीं, हा आधीं कसा निसटला याचेंच नवल वाटे.

या प्रश्नाच्या मुळाशीं एक विरोध आहे. समूहाचें छायाचित्र काढतांना सगळी खटपट असते ती मुलें एकसारखीं दिसावींत म्हणून. उंचीच्या क्रमानें उभें करावयाचें, हात गुडघ्यांवर ठेववावयाचे, मान सरळ, दृष्टि भिंगाकडे, ओठ मिटलेले. अशी मांडणी झाल्यावर जें चित्र उमटतें तें अमुक गोविंदाचें किंवा तमुक यशवंताचें नसतें, तें शाळेचें असतें. आणि तरीहि पन्नास वर्षांनीं जो कोणी तें हातांत घेतो तो त्यांत शाळा शोधीत नाहीं. तो आपला माणूस शोधतो. काढविणाराचा हेतु एक आणि पाहणाराचा दुसरा, अशी ही चमत्कारिक वस्तु आहे.

ओठ मिटलेले कां, याचें एक कारण यांत्रिक आहे. मुंबईंत छायाचित्रणाची संस्था १८५४ मध्यें निघाली आणि पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें या कलेचा वर्ग सुरू झाला. त्या काळीं ओल्या रसायनाची कांच वापरीत. कांचेवर द्रव ओतून ती ओली आहे तोंच चित्र घ्यावयाचें आणि तांतडीनें अंधाऱ्या खोलींत नेऊन धुवावयाचें. कांचेवर प्रकाश कित्येक सेकंद पडूं द्यावा लागे, आणि तेवढ्या अवकाशांत ज्याची मान हलली त्याच्या चेहऱ्याच्या जागीं धुक्याचा पुंजका उमटे. पुढें १८८० च्या सुमारास तयार कोरड्या कांचा बाजारांत आल्या, आणि शाळाशाळांतून वर्गांचीं चित्रें काढविण्याची चाल पडली, ती या सोयीमुळेंच. आतां क्षणभर हसलें तरी बिघडण्याजोगें कांहीं राहिलें नव्हतें. तरीहि कोणी हसलें नाहीं. यंत्राची गरज संपली होती, पण तोंवर तिचा शिष्टाचार झाला होता.

जुन्या तसबिरींत असा एखादा पुसट चेहरा आढळतो. छायाचित्रकाराच्या दृष्टीनें तो दोष. मास्तरांच्या दृष्टीनें तो बेशिस्त. पण पंचेचाळीस स्थिर चेहऱ्यांच्या मनांत त्या वेळीं काय होतें याचा थांग लागत नाहीं, आणि त्या एका मुलाविषयीं मात्र निश्चित सांगतां येतें कीं, शेजारच्या कोणी तरी कांहीं तरी बोललें आणि तो वळला.

आपल्याकडील एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तसबिरी पाहिल्या तर त्यांत गणवेश दिसत नाहीं. पुण्याच्या एकाच वर्गांत कोणाच्या डोक्यावर पगडी, कोणाच्या डोक्यावर पागोटें, कोणाची जरीची टोपी, कोणाचा रुमाल. वरवर पाहणारास हें वैचित्र्य व्यक्तित्वाचें लक्षण वाटेल. तें तसें नव्हे. डोक्यावर काय घालावें हें त्या मुलानें ठरविलेलें नसे. तें जातीनें आणि घराण्यानें ठरविलेलें असे. बोडक्यानें चारचौघांत जाणें अशुभ, हा नियम तर सर्वांनाच सारखा. म्हणजे तेथेंहि एकसारखेपणा होताच. तो शाळेच्या ऐवजीं ज्ञातीचा होता, इतकेंच. पुढें काळी टोपी आली. असहकारितेच्या चळवळीनंतर खादीची पांढरी टोपी आली. नंतरच्या तसबिरींत उघड्या डोक्यांची संख्या वाढत गेलेली दिसते. ज्या तसबिरींत एकाच ओळींत कांहीं टोप्या काळ्या व कांहीं पांढऱ्या असतात, ती विशेष लक्षपूर्वक पाहावी. सरकारी मदतीवर चालणाऱ्या शाळेंत, मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागें, पांढरी टोपी घालून उभें राहणें ही त्या वयांत लहान गोष्ट नव्हती. मुलींच्या तसबिरींत हेंच काम लुगडें करतें. नऊवारीच्या ओळींत एखादें गोल पातळ दिसलें, कीं त्या घरीं त्याविषयीं काय बोलणें झालें असेल याची कल्पना जुन्या पिढींतील बायकांना सांगावी लागत नाहीं.

हें सगळें घरगुती आहे. एकसारखेपणा जेव्हां जाणूनबुजून, राजसत्तेच्या बळावर, परक्या मुलांवर लादला जातो आणि त्याचा पुरावा म्हणूनच छायाचित्र काढलें जातें, तेव्हां काय होतें हें पाहावयाचें असेल तर अमेरिकेंतील एका शाळेकडे वळावें लागेल.

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना तेथील गोरे लोक 'इंडियन' म्हणत. त्यांच्या मुलांसाठीं पेनसिल्व्हानिया प्रांतांत कार्लाइल गांवीं रिकाम्या पडलेल्या लष्करी बराकींत १८७९ मध्यें एक निवासी शाळा उघडण्यांत आली. ती १९१८ पर्यंत चालली. संस्थापक रिचर्ड हेन्री प्रॅट हा घोडदळांतील अधिकारी. १८७५ ते १८७८ या काळांत फ्लोरिडांतील फोर्ट मॅरियन किल्ल्यांत ठेवलेल्या इंडियन कैद्यांवर त्याची देखरेख होती, आणि आपल्या शिक्षणपद्धतीचा पहिला प्रयोग त्यानें त्या कैद्यांवर केला. मुलांना आईबापांपासून शेंकडों कोस दूर न्यावयाचें, त्यांची भाषा सोडवावयाची, पोशाख बदलावयाचा, कवायत शिकवावयाची. मग तीं इतर अमेरिकनांसारखीं होतील, असा त्याचा सिद्धान्त. त्याच्यांतला इंडियन मारावा आणि माणूस वांचवावा, अशा अर्थाचें त्याचें १८९२ मधील वाक्य कुप्रसिद्ध आहे. येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. त्या काळांत इंडियनांचा समूळ नाशच व्हावा म्हणणारे लोक थोडे नव्हते, आणि त्यांच्या मानानें प्रॅट स्वतःला त्यांचा मित्र समजत असे. पण मित्राच्या हातांतहि कात्री होती.

केंस कापणें हा शाळेंतील पहिला संस्कार. मैदानी प्रदेशांतील पुष्कळ जमातींत केंस कापले जात ते शोकाच्या प्रसंगीं, घरांत मृत्यु झाल्यावर. पहिल्या तुकडींतील मुलांचे केंस कापले गेले, त्या वेळची एक हकीकत शाळेच्याच इतिहासांत नमूद आहे. एका मोठ्या मुलानें प्रथम केंस कापून घेण्यास नकार दिला. मग रात्रीं त्यानें स्वतःच सुरीनें ते कापले आणि कवायतीच्या मैदानावर जाऊन आपल्या रीतीप्रमाणें आक्रोश सुरू केला. तो ऐकून बराकींतील इतर मुलामुलींनींहि त्यांत आपला सूर मिसळला. शिक्षकांना तो गोंधळ वाटला. मुलांच्या समजुतीप्रमाणें तें सुतक होतें.

दुसरा संस्कार नांवाचा. लकोटा जमातीचा एक मुलगा पहिल्याच तुकडींत आला होता. घरचें नांव ओटा क्टे. फळ्यावर खडूनें कांहीं आकृति काढल्या होत्या. तीं इंग्रजी नांवें आहेत हें त्याला ठाऊक नव्हतें. हातांत काठी देऊन एकीवर टेकावयास सांगण्यांत आलें. त्यानें टेकली, आणि तेव्हांपासून तो ल्यूथर झाला. वडिलांचें नांव आडनांव म्हणून जोडलें गेलें. हाच ल्यूथर स्टँडिंग बेअर पुढें लेखक झाला, आणि ही सगळी हकीकत त्यानें १९२८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत सांगितली.

तिसरा संस्कार छायाचित्राचा. कार्लाइल गांवांत जॉन चोट नांवाचा छायाचित्रकार होता. शाळा उघडली तेव्हांपासून प्रॅटनें त्याच्याकडून मुलांचीं चित्रें काढवून घेतलीं, आणि तीं जोडीनें काढवून घेतलीं : एक मूल आलें त्या वेळचें, दुसरें कांहीं महिन्यांनीं वा वर्षांनीं, केंस कापून गणवेश चढविल्यावर. हीं जोडचित्रें वॉशिंग्टनला अधिकाऱ्यांकडे जात, देणगीदारांकडे जात, आणि विकलींहि जात. शाळेच्या छापखान्यांत 'इंडियन हेल्पर' नांवाचें एक चिमुकलें साप्ताहिक निघत असे. त्याला नवे वर्गणीदार मिळवून देणारास अशीं चित्रें बक्षीस मिळत. तें साप्ताहिक छापीत इंडियन मुलें. पण संपादन ज्या टोपणनांवाखालीं चाले तो 'बँडच्या चौथऱ्यावरचा माणूस' मात्र इंडियन नाहीं, असें अंकावरच छापलेलें असे. हा अदृश्य गृहस्थ चौथऱ्यावर उभा राहून सगळ्या मुलांवर नजर ठेवतो, अशी ती कल्पना. शाळेच्या आवारांत एक भिंग कायमचें बसविलें होतें, असेंच म्हणावें लागेल.

या जोडचित्रांत नव्हाहो जमातीच्या टॉम टॉर्लिनोचें चित्र सर्वांत प्रसिद्ध आहे. १८८२ मध्यें आला तेव्हांच्या चित्रांत लांब केंस, कानांत वाळ्या, गळ्यांत माळ. १८८५ च्या चित्रांत भांग पाडलेले आंखूड केंस, कोट आणि गळपट्टी. पाहणारास धक्का बसतो तो कपड्यांमुळें नव्हे. दुसऱ्या चित्रांत त्याचा वर्णच उजळ झालेला दिसतो! शिक्षणानें कातडीहि गोरी होते, असा समज पाहणाऱ्यांचा व्हावा, आणि तसा तो झालाहि. त्या वेळच्या कांचा निळ्या प्रकाशाला संवेदनशील असत आणि तांबूस वर्ण काळा उमटवीत. उजेड कोणत्या बाजूनें, किती सोडावा हें छायाचित्रकाराच्या हातीं. हें ठाऊक असलेल्या माणसाला त्या दोन चित्रांत जादू दिसत नाहीं, कारागिरी दिसते.

पण आजच्या विषयाला अधिक जवळचें आहे तें एका समूहाचें जोडचित्र. १८८६ च्या सप्टेंबरांत जेरोनिमो शरण आला आणि चिरिकाहुआ अपाची लोकांना युद्धकैदी म्हणून फ्लोरिडांत नेण्यांत आलें. त्यांत बायका व मुलेंहि होतीं. त्या कैद्यांमधून प्रॅटनें मुलें वेंचून कार्लाइलला आणलीं. त्यांपैकीं अकरा जणांचें एक चित्र ४ नोव्हेंबर १८८६ या, तीं येऊन पोंचलीं त्या दिवसाचें म्हणून प्रसिद्ध आहे. दुसरें चित्र चार महिन्यांनंतरचें. तींच अकरा मुलें. पहिल्यांत मोकळे वाढलेले केंस आणि मिळतील ते कपडे. दुसऱ्यांत मुलग्यांच्या अंगावर गणवेश, मुलींच्या अंगावर बंद गळ्याचे झगे, केंस चापून बसविलेले.

शाळेचें म्हणणें असें कीं, पहिलें चित्र रानटी अवस्थेचें आणि दुसरें सुधारणेचें. आतां पहिलें चित्र नीट पाहावें. तीं मुलें रानांतून आलेलीं नाहींत. त्यांच्यामागें युद्ध आहे, आगगाडीचा लांबच्या लांब प्रवास आहे, किल्ल्यांतील कैद आहे, आणि आईबापांपासून नुकतीच झालेली ताटातूट आहे. त्यांच्या अंगावरचे कपडे हा अपाचींचा पोशाख नव्हे. तो कैद्यांचा पोशाख. म्हणजे 'पूर्वीचें' चित्रहि तितकेंच घडविलेलें आहे जितकें 'नंतरचें'. शाळेनें मुलांना दोनदां गणवेश चढविला असें म्हटलें तर तें फारसें चुकीचें होणार नाहीं : एकदां रानटीपणाचा आणि एकदां सुधारणेचा.

आणि मग एक अनपेक्षित गोष्ट घडते. या दोन चित्रांतील तेंच मूल कोणतें, हें जुळवावयास बसलें म्हणजे कपडे, केंस, बसण्याची जागा, कशाचाच उपयोग होत नाहीं. तें सगळें बदललें आहे. मग पाहणारा भिवईची कमान पाहूं लागतो, हनुवटी पाहूं लागतो, कानांची ठेवण, दोन डोळ्यांमधील अंतर, खांदा किंचित् पुढें झुकविण्याची लकब. पहिल्या चित्रांत ज्याला नुसते 'अपाची' दिसत होते त्याला दुसरें शेजारीं ठेवल्यावर अकरा निरनिराळीं माणसें दिसूं लागतात. एकसारखेपणा सिद्ध करण्यासाठीं काढलेलें चित्रच व्यक्तीकडे बोट दाखवूं लागतें. हें प्रॅटला अपेक्षित नव्हतें खास.

तीं चित्रें पाहणारे सगळेच देणगीदार होते असेंहि नाहीं. सिचांगू लकोटांचा नायक स्पॉटेड टेल १८८० मध्यें शाळा पाहावयास आला. आपल्या मुलांना लष्करी गणवेशांत कवायत करतांना त्यानें पाहिलें. ज्या फौजेशीं आपले लोक लढले तिचाच पोशाख मुलांच्या अंगावर! तो संतापला आणि अधिकाऱ्यांच्या विनवण्यांना न जुमानतां आपलीं मुलें परत घेऊन गेला. सगळ्या आईबापांना तें सामर्थ्य नव्हतें. त्यांच्या हातीं टपालानें येणारें चित्रच राही. आणि आपलें मूल जिवंत आहे, उभें आहे, एवढें त्यांत दिसे म्हणून त्या परक्या पोशाखांतील चित्रालाहि घरीं मोल असे. ज्या कागदावर प्रॅट आपला विजय पाहत होता त्याच कागदावर एखादी आई मुलाचें अंग भरलें कीं वाळलें, एवढेंच पाहत असेल.

कार्लाइलच्या पुढच्या काळांतील समूहचित्रांत फुटबॉलच्या संघाचींहि चित्रें आहेत. त्या संघानें १९११ मध्यें हार्वर्डसारख्या बलाढ्य विद्यापीठाला १८ विरुद्ध १५ गुणांनीं हरविलें. त्यांतला जिम थॉर्प पुढच्याच वर्षीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्यें दोन सुवर्णपदकें जिंकून आला. या चित्रांतहि एकसारखे सदरे आणि ठराविक ओळी आहेत. पण संघाचा सदरा आणि शाळेचा गणवेश यांत भेद आहे. सदरा अंगावर यावा म्हणून त्या मुलांनीं धडपड केली होती. गणवेशासाठीं कोणी केली नव्हती. एकसारखे कपडे ही गोष्ट सर्वस्वीं वाईट असें मानणारांनीं हीं दोन चित्रें शेजारीं ठेवून पाहावींत.

व्यक्ति पुसून टाकण्याचे प्रयत्न केवळ कात्रीनेंच झाले असें नाहीं. शास्त्राच्या नांवानेंहि झाले. इंग्लंडांतील फ्रान्सिस गॉल्टन यानें १८७८ च्या सुमारास एकाच कांचेवर अनेक चेहऱ्यांचे ठसे एकावर एक घेऊन 'सरासरी चेहरा' काढण्याची युक्ति प्रसिद्ध केली. आरंभ गुन्हेगारांपासून झाला. पुढें लंडनच्या एका ज्यू शाळेंतील मुलांच्या चित्रांवरून 'ज्यू नमुना' काढण्यापर्यंत मजल गेली. अमेरिकेंत स्मिथ कॉलेजचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक स्टॉडर्ड यांनीं १८८६ च्या वर्गांतील ४९ विद्यार्थिनींचा असा एक संयुक्त चेहरा तयार केला. चित्र मोठें देखणें आलें. सगळ्या खोडी, व्यंगें, तीळ, मुरडलेले ओठ एकमेकांत विरून गेले आणि एक शांत, सुरेख, कोणाचीच नसलेली मुलगी उरली.

हाच प्रयोग आपल्या काळांत गणकयंत्रानें पुन्हां झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९०५ ते २०१३ या काळांतील अमेरिकन शाळांच्या वार्षिकांतून ३७,९२१ चेहरे गोळा केले आणि दशकवार सरासरी चेहरे काढले. तें काम २०१५ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत केंसांच्या ठेवणी व चष्मे बदललेले दिसतात तें ठीकच. लक्षांत राहण्यासारखें आहे तें ओठांचें. शतकाच्या आरंभीं मिटलेले ओठ दशकागणिक रुंदावत जातात, आणि मुलींचे मुलांपेक्षां अधिक. म्हणजे पूर्वीं सगळे एकजात गंभीर बसत, आतां सगळे एकजात हसतात! गंभीर बसण्याची सक्ति गेली आणि हसण्याची आली. हल्लींच्या एखाद्या वर्गाच्या चित्रांत जो मुलगा ओठ मिटून बसतो तोच आतां वेगळा दिसतो. आणि घरीं आल्यावर त्याची आई त्याला विचारते कीं, बाबा रे, तुला त्या दिवशीं बरें नव्हतें का?

मुलें या शिस्तींतून वाट काढीत नाहींत असें मात्र समजूं नये. १९०४ च्या सुमारास अमेरिकेंत असा एक कॅमेरा निघाला कीं तो स्वतःभोंवतीं हळूहळू फिरत लांबच्या लांब चित्र घेई. शेंकडों मुलांची आख्खी शाळा अर्धवर्तुळांत उभी करून तिचें एका पट्टींत चित्र काढण्यास तो फार सोयीचा. इंग्लंड-अमेरिकेंतील शाळांनीं त्याचा पुष्कळ उपयोग केला. पण भिंगाला एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फिरावयास कांहीं सेकंद लागत, आणि तेवढ्यांत डाव्या टोंकाचा मुलगा पाठीमागून धांवत जाऊन उजव्या टोंकाला उभा राही! चित्र धुऊन आलें म्हणजे तोच मुलगा दोन्हीं टोंकांना, तितक्याच गंभीर मुद्रेनें. शाळेच्या शिस्तीचें यथासांग पालन करून तिची अशी थट्टा केल्याचीं उदाहरणें कित्येक शाळांत सांगतात. शिक्षा झाली असेलच. पण ती पट्टी शाळेनेंच चौकट करून टांगलेली असावयाची.

कार्लाइलच्या मुलांना अशी थट्टा करण्याची सवड क्वचितच मिळाली असेल. त्यांतील पुष्कळ मुलें घरीं परत गेलींच नाहींत. क्षयासारखे रोग बराकींत पसरत, आणि त्या आवारांतील दफनभूमींत १८० हून अधिक थडगीं आहेत. १९२७ मध्यें तीं मूळ जागेवरून हलविण्यांत आलीं, त्या गडबडींत व आधींच्या निष्काळजीपणांत कांहीं थडग्यांवर 'अज्ञात' एवढेंच राहिलें. २०१७ मध्यें नॉर्दर्न अरापाहो जमातीच्या मुलांपासून आरंभ करून अमेरिकन लष्करानें अवशेष त्यांच्या त्यांच्या लोकांना परत देण्याचें काम हातीं घेतलें. डिसेंबर २०२४ मध्यें ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली.

या शोधांत चोटच्या चित्रांचाहि उपयोग होतो. त्याच गांवांतील डिकिन्सन कॉलेजनें शाळेचे दाखले, पत्रव्यवहार आणि छायाचित्रें एकत्र करून सर्वांना पाहण्यास खुलीं केलीं आहेत. दाखल्यांत नांव, जमात, आलेली तारीख, गेलेली तारीख, चित्रांत चेहरा. अनेक कुटुंबांना आपल्या आजोबांचें वा पणजीचें लहानपणचें एकमेव चित्र मिळतें तें या संग्रहांत, आणि तें त्यांनीं कधींच मागितलेलें नसलेल्या पोशाखांत. तरीहि तें पाहिलें जातें, त्याची प्रत घेतली जाते, भिंतीवर लावली जाते. चिरिकाहुआ मुलांच्या त्या चित्राबरोबर नोंदलेलीं अकरा नांवेंहि उपलब्ध आहेत : ह्यू, फ्रेडरिक, क्लेमेंट, सॅमसन, अर्नेस्ट, मार्गारेट, हंफ्री, बीअॅट्रिस, जॅनेट, बिशप आणि बॅसिल. प्रत्येकापुढें आडनांव म्हणून एकेक अपाची नांव जोडलेलें आहे, लिहिणाऱ्या इंग्रजी कारकुनाच्या कानाला जसें ऐकूं आलें तसें. पहिलें नांव शाळेनें दिलेलें, दुसरें घरून आणलेलें.